'आउटगोइंग मेल सर्व्हर'ला मराठीत काय म्हणावं? ('जावक' लिहून फसलो आहे)

संत्रानगरीकर
नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी धंद्याचे अहवाल काढणारं सॉफ्टवेअर मराठीत आणायचं काम घेतलंय. रोज सकाळी सहाला आदल्या दिवसाची आवक, हर्राशीतले भाव आणि उधारी असा तक्ता आपोआप तयार होतो नि तिन्ही भागीदारांना मेलवर जातो. तो कोणत्या सर्व्हरमार्फत पाठवायचा हे सांगायला सेटिंगमध्ये एक पान आहे: सर्व्हरचं नाव, पोर्ट (सर्व्हरच्या कितव्या दारातून मेल द्यायची तो नंबर), वापरकर्ता, पासवर्ड, पाठवणाऱ्याचा पत्ता. इंग्रजी मथळा 'आउटगोइंग मेल सर्व्हर'. मी 'जावक सर्व्हर' लिहिलं. सरकारी हापिसाची पायरी चढलेल्या कुणालाही आवक-जावक कळतं, तेव्हा मला वाटलं झालं काम.

शुक्रवारी मुनीमजींनी ते पान उघडलं. बाजारात आवक म्हणजे आलेला माल, तेव्हा जावक म्हणजे गेलेला माल. पोर्टच्या चौकटीवर मी नुसतं 'क्रमांक' लिहून ठेवलं होतं (ही चूक सर्वस्वी माझी) आणि आत होतं ५८७. त्यांनी फोन करून विचारलंसुद्धा, "भाऊ, काल ४१२ क्रेट गेले, तुमचं मशीन ५८७ दाखवते. दुरुस्त करून टाकू का?" मी वर्धा रोडवर गाडीत होतो, हो म्हणून मोकळा झालो. शनिवारी-रविवारी एकही अहवाल गेला नाही.

तर 'जावक' सोडून काय लिहावं? 'बहिर्गामी' सुचवू नका, मुनीमजी मला बहिर्गामी करतील.

जुना_कारकून
शब्द बरोबर आहे, जागा चुकली. मी नोकरीची बहुतेक वर्षं बारनिशीत काढली. नव्या पोरांसाठी: बारनिशी म्हणजे येणारं-जाणारं टपाल नोंदवणारी शाखा. त्यातला '-नीस' हा फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्यातलाच, फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. आमचं काम पत्र पाठवण्याचं नव्हतंच, लिहून ठेवण्याचं होतं. जावक म्हणजे पत्र जाणं नाही, गेल्याची नोंद. जा.क्र., म्हणजे जावक क्रमांक, पडला की पत्र 'गेलं'. मग ते शिपायाच्या पिशवीत आठवडाभर का पडेना. ३१ मार्चला तर आम्ही वहीत चार-पाच जा.क्र. कोरे सोडून ठेवायचो. एप्रिलात लिहिलेली पत्रं मार्चात 'गेलेली' असायची.

तुमच्या सर्व्हरला हे जमतं का?

तारवाला
काका, मागची तारीख घालायला जमतं, पण त्यात तो लगेच पकडला जातो, कारण वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपली वेळ टाकतो. बाकी तुमची 'जावक' मात्र हुबेहूब बसते. सॉफ्टवेअर सर्व्हरला पत्र देतं, सर्व्हर उत्तर देतो '२५०', म्हणजे घेतलं, रांगेत लावलं. बस्स. मिळालं असा त्याचा अर्थ नाही. आणि सॉफ्टवेअर लगेच हिरव्या अक्षरात लिहितं 'पाठवला'. जा.क्र. पडला, पत्र पिशवीत.

आता मूळ प्रश्न. मथळ्यातलं 'आउटगोइंग' हे मेलचं विशेषण आहे, सर्व्हरचं नाही. सर्व्हर कुठे जात नाही. 'जावक सर्व्हर' वाचून मला तर वाटलं मशीन भंगारात निघालं. दुसरं म्हणजे, 'आउटगोइंग' म्हणायची वेळ येते ती मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये. तिथे येणारी मेल आणायला एक सर्व्हर असतो आणि जाणारी द्यायला दुसरा, म्हणून वेगळं सांगावं लागतं. तुमचं सॉफ्टवेअर मेल वाचतच नाही, फक्त पाठवतं. ज्या घराला एकच दार, त्याला 'पुढचं दार' कशाला म्हणायचं?

पेठकर
मूळ शब्द नीट घडवला असता तर गोंधळ झालाच नसता. 'निर्गामी विपत्र परिसेवक'. निर्गामी म्हणजे बाहेर जाणारं, विपत्र म्हणजे विद्युत्-पत्र, परिसेवक म्हणजे सर्व्हर. क्रेटशी घोळ होण्याची शक्यता शून्य. आरंभी अनोळखी वाटेल, पण 'महापौर' आणि 'दिनांक' हेही एकेकाळी अनोळखीच होते.

संत्रानगरीकर
पेठकर, मुनीमजींना 'निर्गामी विपत्र परिसेवक' ऐकवलं. "कोण वारलं?" म्हणाले.

माहेर_अकोला
विपत्र हा शब्द वाचला की मला विपत्तीच दिसते. आमच्या आईला तार आली की पोटात गोळा यायचा, तसं.

उंटखान्याचा_वाचक
पेठकरांनी नागपूरकरांना शब्द घडवायला शिकवावं हे गमतीचं आहे. हा कारखाना इथेच चालला होता! डॉ. रघुवीर फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपुरात आले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होतं, आणि राज्यकारभाराला लागणाऱ्या इंग्रजी शब्दांचे प्रतिशब्द त्यांनी इथे बसून हजारांनी पाडले. पद्धत गणितासारखी: संस्कृत धातू घ्या, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय, की नवा शब्द तयार. लोकांनी त्यांची टिंगल केली, 'लोहपथगामिनी' त्यांच्या नावावर खपवली. पण आज आपण न अडखळता ज्या संस्कृत घडणीच्या शब्दांत सरकारी अर्ज भरतो, ते याच पद्धतीचे भाऊबंद. आणि भाऊ, 'बहिर्गामी' व 'लोहपथगामिनी' यांचा प्रत्यय एकच.

पेठकर
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

उंटखान्याचा_वाचक
अर्ध्या वाटेपर्यंत. रघुवीरांचे शब्द सरकारनं छापील फॉर्ममधून लोकांच्या हातात दिले, त्यामुळे पचले. तुमचा परिसेवक कोणत्या फॉर्मवर आहे? इथे बँकेपासून सेतू केंद्रापर्यंत लोक 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' ऐकून घरी जातात. ज्या शब्दापायी माणसाला तीन हेलपाटे पडले, तो शब्द तो जन्मात विसरत नाही. सर्व्हर मराठी झाला, विषय संपला.

वऱ्हाडीबुवा
मी काय म्हणतो, 'आउटगोइंग' म्हणजे काय? जाऊन राह्यलेली. 'जाऊन राह्यलेल्या मेलचा सर्व्हर'. कायले एवढी डोकेफोड?

पेठकर
'जाऊन राहिलेली' म्हणजे आमच्याकडे 'जाऊन तिथेच मुक्काम केलेली'. हा हिंदीतला 'जा रही है' शब्दशः उचललेला प्रयोग आहे, मराठी नाही.

वऱ्हाडीबुवा
हिंदीतून उचलला असन त मंग चार पिढ्या आमच्या अंगणात खेळून आमचाच झाला. आणि पाहा, 'जाते' म्हटलं त रोजचं झालं, 'गेली' म्हटलं त संपलं. आता, या घडीले, चालू हाये हे सांगायले तुमच्या पेठेत काय आहे? 'जात आहे'. ते पुस्तकातलं. बोलताना तुम्ही पण 'जातीये'च म्हणता नं? ते कोण्या व्याकरणात हाये?

माहेर_अकोला
'जातीये' 😀 बुवा जिंकले.

मोरभवन_कंडक्टर
तुम्ही सगळे विसरलात की आउटगोइंग हा शब्द आपल्या लोकांना मोबाइलनं शिकवलाय. 'रिचार्ज संपला, आउटगोइंग बंद आहे, इनकमिंग चालू आहे' हे माझी आजी म्हणायची. २००३ च्या आधी तर इनकमिंगलाही पैसे पडायचे. तेव्हा मिस्ड कॉलच्या आधाराने संसार चालले. 'आउटगोइंग' देवनागरीत लिहा, मुनीमजींना पुढचं सांगावं लागणार नाही.

तारवाला
मोबाइलची उपमा कामाची आहे. घरगुती इंटरनेटच्या पुष्कळ जोडण्यांवर २५ नंबरच्या पोर्टनं बाहेर पत्र टाकायला बंदी असते, म्हणजे अक्षरशः आउटगोइंग बंद. हा नियम फुकट्या जाहिरातबाजांमुळे आला. म्हणून ओळख पटवून पत्र आत देण्यासाठी ५८७ हे वेगळं दार ठेवलं. मेल पाठवायच्या या रीतीच्या (एसएमटीपी) नावातच पहिला शब्द 'सिंपल', म्हणजे 'साधी' असा आहे, १९८२ साली लिहिली तेव्हा ती खरोखर साधी होती. कुणीही यावं, पत्र टाकावं, पाठवणाऱ्याचं नाव वाटेल ते लिहावं. आता पाठवणाऱ्याचा पत्ता नि सर्व्हर यांचं नातं जुळलं नाही तर समोरचा पत्र कचऱ्यात टाकतो. संत्रानगरीकर, ५८७ परत घातलंत ना?

संत्रानगरीकर
घातलं. आता '५३५' येऊन राहिलंय.

तारवाला
पासवर्ड चुकला. बहुतेक मुनीमजींनी तिथे गाडीचा नंबर घातला असेल.

जुना_कारकून
मेलऐवजी टपाल का नको? 'टपाल पाठवण्याचा सर्व्हर'. आमच्या वेळी सायकलवरच्या पत्रापासून तारेपर्यंत सगळं टपालच. शिवाय टपालाला स्वतःचे शब्द आहेत. बटवडा आहे, हस्तबटवडा आहे, 'घेण्यास नकार, सबब परत' आहे.

तारवाला
काका, 'सबब परत' मी आजच उचलतो! असा पत्ता इथे नाही म्हणून सर्व्हर '५५०' देऊन पत्र परत करतो, त्याला सगळीकडे 'मेल बाउन्स झाली' म्हणतात. चेंडू आहे का तो? 'मालक सापडत नाही, सबब परत' यात कारणासकट सगळं आलं.

उंटखान्याचा_वाचक
टपालाची व्युत्पत्ती मात्र जपून सांगा. तेलुगू-कन्नड मुलखातही हा शब्द आहे आणि इंग्रज कोशकारांची त्यावरून जुंपली होती. एकानं 'टप्पा' आणि 'आलय' जोडलं, दुसऱ्यानं फ्रेंच शब्दाशी नातं लावलं. मला टप्पा आवडतो. हरकारा एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर थैली देतो.

तारवाला
मेल अगदी तशीच जाते. प्रत्येक सर्व्हर पुढच्याला देतो. टप्पा म्हणजे टप्पाच.

पेठकर
आवडणं हा व्युत्पत्तीचा पुरावा नसतो.

माहेर_अकोला
विदर्भात टपाल कोण म्हणतं? आमच्याकडे डाक. डाकखाना, डाकिया. टपाल पश्चिमेकडचं.

जुना_कारकून
ताई, नागपुरात चाळीस वर्षं मी 'टपाल' लिहिलं आणि शिपायानं 'डाक' म्हणून नेलं. दोघांनाही पगार मिळाला.

मोरभवन_कंडक्टर
मला एक सांगा, सगळे 'मेल गेली' लिहिताय. मेल स्त्रीलिंगी कधी झाली? स्टेशनवर हावडा मेल येते ती 'आली', कारण ती गाडी. पण इंटरनेटवरचा मेल 'आला'. मला साहेबाचा मेल येतो.

पेठकर
ईमेल नपुंसकलिंगी. ते पत्र, म्हणून ते ईमेल.

वऱ्हाडीबुवा
'ईमेल मेलं' म्हणा मंग.

माहेर_अकोला
माझ्या ऑफिसात मुली 'मेल केली' म्हणतात, मुलं 'मेल केला' म्हणतात. खरंच. मी दिवसभर कान देऊन मोजलं.

मोरभवन_कंडक्टर
अपवाद आहे. आमचे डेपो मॅनेजर 'मेल टाकून द्या' म्हणतात, लिंगाचा प्रश्नच मिटवतात.

संत्रानगरीकर
मंडळी, माझा मथळा?

तारवाला
'अहवाल कुठून पाठवायचा'. सर्व्हर, जावक, निर्गामी, सगळं काढा. मुनीमजींना सर्व्हरशी कर्तव्य नाही, अहवालाशी आहे. आणि हिरव्या अक्षरातलं 'पाठवला' काढून 'टपालात टाकला' करा. तेवढंच खरं आहे.

पेठकर
'कुठून' म्हणजे स्थळ. माणूस 'कळमना' लिहील.

संत्रानगरीकर
लिहिलंच त्यांनी. मी सकाळी तोच मथळा करून पाहिला होता. चौकटीत 'कळमना, गाळा नंबर'सकट पूर्ण पत्ता आहे.

जुना_कारकून
मग त्यात चूक काय? पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे खाली लिहायचा हे त्यांना कुणीतरी शाळेत नीट शिकवलंय.

उंटखान्याचा_वाचक
बारनिशीतल्या 'बार'चा अर्थ कुणी पाहिला आहे का? ओझं म्हणून, की दरबार म्हणून? माझ्याजवळच्या कोशाचं नेमकं तेच पान वाळवीनं खाल्लंय.