आजेसासूबाईंचं घंगाळ संग्रहालयाने नाकारलं, हे बरोबर आहे का?

सातारकर_सून: वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, दिवाळीनंतर पाडणार. माळा उपसला त्यात तांब्याचं मोठं घंगाळ, दोन समया, पानाचा डबा, अडकित्ता आणि मोडी लिपीतल्या कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले. सासऱ्यांचं म्हणणं मोडीत घालायचं नाही, संग्रहालयाला द्यायचं, फक्त घंगाळाखाली त्यांच्या आईच्या नावाची पाटी कायम पाहिजे. तिथल्या बाईंनी फोटो बघितले आणि म्हणाल्या रुमाल आणा, बाकीचं नको, घंगाळं आमच्याकडे आहेत भरपूर. सासरे जाम दुखावलेत. फुकट देतोय तरी नखरे?

मोडीवेडा: फुकट कसलं हो. एकदा घेतलं की नोंदवहीत नंबर, दानपत्र, फोटो, मोजमाप आणि मग जन्मभर सांभाळा. तांबं ओल्या हवेत हिरवं पडतं, लाकडाला वाळवी, कागदाला कसर, गोडाऊनमधे पाय ठेवायला जागा नाही आणि स्टाफ म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी एक बाई नि एक शिपाई. पुण्याच्या केळकर संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या साधारण २५००. मग कायमच्या पाटीची अट कोण मान्य करेल? बाई बरोबरच बोलल्या.

जुनापेठकर: केळकरांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्यांनी गावोगाव फिरून जमवलं काय? अडकित्ते, दिवे, फणेरपेट्या, पाय घासायच्या वज्र्या. लोकांच्या लेखी अडगळच ती. ‘अडकित्ते आहेत आमच्याकडे’ असं ते म्हणाले असते तर पुढे सरकारला द्यायला त्यांच्याकडे काय उरलं असतं? आज नको म्हणताय, पन्नास वर्षांनी हेच घंगाळ शोधत फिराल.

मोडीवेडा: अहो पण केळकर स्वतः जाऊन, पारखून घेत होते. कुणी माळा रिकामा करून दारात आणून टाकेल याची वाट बघत बसले नव्हते. निवड त्यांनीही केलीच की.

निव्वळ_वाचक: कायद्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेष (म्हणजे प्राचीन वस्तू) धरली जाते, महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं. त्यामुळे ही वस्तू कुठली, मालक कोण, बाकीच्या वारसांची सही आहे का, हे ते विचारणारच. आज तुम्ही द्याल आणि उद्या चुलत सासरे येतील आमचा वाटा म्हणत, काय करायचं त्यांनी? आणि हो, वाडा पाडताना जमिनीत हंडाबिंडा निघाला तर तो संग्रहालयात नाही, आधी कलेक्टरला कळवायचा, १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे.

रापी: सगळ्यांचं वाडा, वाडा आणि वाडा. तलवारी, पैठण्या, कोरीव दरवाजे याला कुठेही जागा होते. चांभाराची कातडं कापायची रापी बघितलीय का कुणी काचेच्या कपाटात? गिरणीतल्या माणसाचं हजेरी कार्ड? मुंबईत ८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा दानपत्र घेऊन कोण धावलं होतं? जागा नाही हे कारण मला पटतं, पण ती जागा कुणी अडवलीय तेही बघा आणि निवड समितीवर कोण बसतं ते विचारा.

जुनापेठकर: रापीचा मुद्दा मान्य, पण म्हणून घंगाळ नाकारायचं हे कुठलं लॉजिक?

सातारकर_सून: एक सांगायचं राहिलं. घंगाळाच्या काठावर टिंबाटिंबांनी आजेसासूबाईंचं नाव आणि गाव घातलंय. गल्लीत कुणी बाळंत झालं की सुईण यायची नि हेच घंगाळ मागून न्यायची, सासऱ्यांचा स्वतःचा जन्मसुद्धा त्यातल्याच पाण्यावरचा. चेपलेली कड दिसते ना फोटोत, ती नेता-आणताना जोत्यावर आपटून झालेली.

मोडीवेडा: हे त्या बाईंना सांगितलंत का?? नुसतं घंगाळ शंभर ठिकाणी मिळेल, पण कुणाचं, कुठे, कशाला वापरलं हे माहीत असलेलं फार थोडं. सासऱ्यांना बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करा, पानभर लिहून सही घ्या आणि पाटीची अट सोडून परत जा. समया आणि डबा मात्र नाहीच घेणार, मीही नसते घेतले.

रापी: आणि सुईणीचं नाव काय होतं? काठावर तर मालकिणीचंच घातलंय.

सातारकर_सून: सासऱ्यांना माहितीये, तिची नात इथेच पलीकडच्या पेठेत असते, तिच्याशी बोलते. पण कागदावर दोन नावं म्हटल्यावर सासरे पुन्हा रुसतील असं वाटतंय.

जुनापेठकर: एवढं करूनही नकोच म्हणाले तर?

मोडीवेडा: तर न्या की नवीन फ्लॅटमधे. संग्रहालयात गेलं नाही म्हणजे लगेच मोडीतच गेलं असं थोडंच आहे.