सूतसाठ्यातील बदल टिपण्याचे काम ट्रिगरकडे द्यावे का?

अक्कलकोटरोडकर:
टॉवेल कारखान्यात काउंटनिहाय (सुताच्या जाडी-बारकाव्यानुसार) सूतसाठ्यावर लक्ष ठेवून इशारे द्यायचे असतील, तर बदल टिपण्याचे काम डेटाबेसच्या ट्रिगरकडेच (टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडकडे) असावे, असे माझे मत आहे. दर मिनिटाला टेबल वाचून ‘शेवटचा बदल’ हा रकाना तपासला, तर डिलीट झालेली नोंद दिसतच नाही आणि दोन तपासण्यांच्या मध्ये साठा घटून पुन्हा पूर्ववत झाल्याचेही कळत नाही. ट्रिगरला बदललेल्या नोंदीची जुनी आणि नवी अशा दोन्ही ओळी मिळतात, आणि कोणी थेट एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतील आज्ञा) चालवून आकडा बदलला तरी तो सुटत नाही.

जुळेसोलापूरकर:
‘सुटत नाही’ हे मान्य नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रंकेट केल्यास (संपूर्ण टेबल एकदम रिकामे केल्यास) ओळनिहाय डिलीट ट्रिगर चालत नाहीत. त्याहून गंभीर बाब अशी की, ट्रिगर मूळ ट्रान्झॅक्शनमध्येच (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या संचातच) चालत असल्याने त्यात एरर आली की गोदामातील नोंदही रद्द होते. इशारा देणारी यंत्रणा बिघडली म्हणून मालाची आवक अडून राहावी, हे कोणत्या मालकाला चालेल? त्यापेक्षा डेटाबेसचा लॉग (प्रत्येक बदलाची डेटाबेस स्वतः ठेवतो ती नोंद) वाचावा. पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल डिकोडिंगची, म्हणजे त्या लॉगमधून बदल वाचून घेण्याची, सोय 2014 च्या 9.4 आवृत्तीपासून आहे.

अक्कलकोटरोडकर:
ट्रंकेटसाठी वेगळा ट्रिगर लिहिता येतो. एररच्या भीतीवर उपाय असा की, ट्रिगरने बदल टिपण्यासाठीच्या वेगळ्या नोंद-टेबलात एक ओळ टाकावी, एवढेच. ईमेल किंवा संदेश पाठवण्याचे काम बाहेरच्या प्रोग्रामने करावे. ट्रान्झॅक्शन रद्द झाले तर ती ओळही जाते, म्हणजे खोटा इशारा जात नाही. लॉगच्या बाबतीत मात्र वाचणारा प्रोग्राम बंद पडला, तर रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा लॉगमध्ये कुठवर पोहोचला हे लक्षात ठेवणारी खूण) लॉगच्या जुन्या फायली धरून ठेवतो आणि मर्यादा घातलेली नसल्यास डिस्क भरून सर्व्हरच बसतो. पूर्णवेळ डीबीए (डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ) नसलेल्या कारखान्यात याकडे कोण पाहणार?

बाळेकर:
दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. तोच आकडा पुन्हा लिहिला तरी अपडेट ट्रिगर चालतो, म्हणून जुन्या-नव्या किमतींची तुलना आवश्यक आहे, आणि ती साध्या ‘असमान’ चिन्हाने केल्यास नल (रिकाम्या, अज्ञात) किमतीपाशी फसते. तेथे नललाही धरून तुलना करणारे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’च वापरावे.

जुळेसोलापूरकर:
एक-दोन टेबलांपुरता ट्रिगर मी चालवून घेईन. पण हजारो ओळी एकदम अपडेट झाल्यावर तितक्याच नोंदी लिहिण्याचा भार आणि त्या नोंद-टेबलाची साफसफाई यांचे उत्तर वरच्या मांडणीत अद्याप नाही.