आतड्याच्या कॅन्सरचा स्पेसिमेन (ऑपरेशनने काढलेला भाग): नोड (लसिका ग्रंथी) हाताने शोधायचे की मिथिलीन ब्लू (निळा रंग) सरसकट वापरायचं?

तापीकाठ, जळगाव
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट ‘नोड 7, सर्व निगेटिव्ह’ (एकातही कॅन्सर नाही) असा जातो, हे थांबायला हवं. किमान 12 नोड पाहिल्याशिवाय त्या निगेटिव्हवर भरवसा ठेवता येत नाही. एक पॉझिटिव्ह नोड चरबीत राहिला की स्टेज 3 चा पेशंट स्टेज 2 मध्ये जातो आणि त्याची केमो हुकू शकते. म्हणून प्रत्येक ताज्या स्पेसिमेनला मिथिलीन ब्लू द्यावं. मुख्य धमनीत (उजव्या बाजूला इलिओकोलिक, रेक्टमला म्हणजे गुदाशयाला सुपीरियर रेक्टल) कॅन्युला म्हणजे बारीक नळी घालून सलाइनमध्ये पातळ केलेला रंग 15-20 मिली हळूहळू सोडायचा, मग रात्रभर फॉरमॅलिन (ऊती टिकवणारं द्रावण). सकाळी पिवळ्या चरबीत दोन-तीन मिलिमीटरचे नोडही निळे उठून दिसतात.

ग्रॉसिंग टेबल, धुळे
सर, विरोध रंगाला नाही, ‘प्रत्येक’ला आहे. कॅन्सरने पूर्ण भरलेला नोड रंग नीट घेत नाही. निळं तेवढंच उचलायची सवय लागली, तर नेमका तोच टेबलावर राहतो. कापलेल्या बारीक शिरांतून रंग गळला की सगळी चरबीच माखते, ते वेगळं.

हाताने नोड मिळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा घाई. स्पेसिमेन फॉरमॅलिनमध्ये 24 ते 48 तास नीट फिक्स (मुरून घट्ट) होऊ द्या. आधी मार्जिनला (कापलेल्या कडेला) शाई लावा. मेसोरेक्टमची (रेक्टमभोवतीची) चरबी आधीच सोलली तर सर्कमफरन्शियल मार्जिन (भोवतालची कड) कायमचं गेलं. मग चरबीच्या 2-3 मिमी चकत्या करून प्रत्येक चकती अंगठा आणि बोटात दाबत जा. चरबी चेपते, नोड मुगाच्या दाण्यासारखा टणक लागतो. ट्यूमरलगतची आणि बांधलेल्या रक्तवाहिनीजवळची चरबी शेवटच्या तुकड्यापर्यंत बघा.

सर्जन, शहादा
आमच्याकडून ताजा स्पेसिमेन पोचणार कसा? तालुक्यातून तो फॉरमॅलिनमध्येच येतो. तेव्हा पहिली जबाबदारी आम्हा सर्जन लोकांची: रुंद तोंडाची बरणी, स्पेसिमेनच्या दहापट फॉरमॅलिन, ट्यूमरची जागा सोडून आतडं उघडलेलं, मुख्य रक्तवाहिनीच्या टोकाला लांब धागा. मे महिन्यात लहान डब्यात कोंबलेलं आतडं आतून सडतं, मग ना रंग कामाचा ना बोटं.

तापीकाठ, जळगाव
फिक्स होऊन आलेल्याचं मान्य. पण रेडिएशननंतरच्या रेक्टममध्ये नोड आक्रसलेले असतात, तिथे बोटं फसतात. तिथे तरी रंग हवाच.

ग्रॉसिंग टेबल, धुळे
ताजा आला तर जरूर द्या. पण त्या केसेसमध्ये 12 न भरणं नेहमीचं आहे. सगळी चरबी शोधली, हे रिपोर्टमध्ये लिहावं. फिक्स झालेल्यात नोड कमी पडले, तर उरलेली चरबी अल्कोहोल किंवा अॅसिटोनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघता येते. दोन्ही पेट घेणारे, झाकण घट्ट आणि हवा खेळती हवी.

हिस्टो टेक्निशियन, भुसावळ
मोजणीचंही बोला. एका मोठ्या नोडचे दोन अर्धे दोन कॅसेटमध्ये (ऊतीचे तुकडे ठेवायच्या छोट्या डब्यांत) गेले आणि नोंद नसली, तर स्लाइडवर ते दोन नोड होतात. मोठा नोड एकटा, स्वतंत्र कॅसेटमध्ये. लहान अख्खे चार-पाच एकत्र चालतील, पण आकडा ग्रॉसिंगच्या (स्पेसिमेन कापून बघण्याच्या) कागदावर हवा.

ग्रॉसिंग टेबल, धुळे
अगदी बरोबर. आणि 12 मिळाले म्हणून सुरी खाली ठेवू नका. चार पॉझिटिव्ह निघाले की नोडचा टप्पा एन1 चा एन2 होतो, आणि तो चौथा तेराव्या-चौदाव्या नोडमध्येही असू शकतो.