दोन तास शिकवा अन् लाख रुपये घ्या, प्रोफेसरकी खरंच अशी असते का?

कास्तकाराची_पोर
दारव्ह्याकडचं गाव आहे आमचं. मराठीत एमए केलं, मागच्या वर्षी सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा निघाली, आता तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळतात तसं, लागायचं चाललंय. तर घरी एकच सुरू आहे, पोरगी प्रोफेसर झाली, आता कायची चिंता. बाबा सोसायटीचं कर्ज माझ्या पगारातून फेडू म्हणून रायले, मामा म्हणते दोन तास शिकवा लागते अन् उन्हाळाभर सुट्ट्या, अन् गावातले मास्तर म्हणतात पीएचडी नाही तर कायची प्रोफेसर. यातलं खरं काय? कोणी या लाइनमध्ये असेल तर सांगा.

वऱ्हाडी_मास्तर
ताई, १८ वर्षं झाली शिकवतोय, कायम आहे. पीएचडीचं आधी सांगतो, १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट पुरते, त्यामुळे मास्तरांचं मनावर घेऊ नको. आता दोन तासाचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात आठवड्याचे १६ तास हे फक्त वर्गात उभं राहायचे आहेत, एकूण काम ४० तासाचं धरलेलं आहे. पेपर तपासणी, कॉलेजले दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, अ‍ॅडमिशन, एनएसएसचं सात दिवसाचं शिबिर, हे लोकाले दिसत नाही. अन् आपल्या इकडं शिकवणंच वेगळं आहे, अर्धे पोट्टे एसटीनं येतात, एसटी चुकली की तास गेला, कापूस वेचणी लागली की वर्ग रिकामा, मग दिवाळीनंतर तेच धडे परत घ्या लागतात. घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी समजावून सांगायची तर तासभराच्या लेक्चरले रात्रीचे दोन तास जातात. मला हे काम आवडते, म्हणूनच फुकटचा पगार म्हटलं की लागते मनाला.

सीएचबी_सात_वर्षं
सर बरोबर आहेत पण ते कायम आहेत. गावाले कायम अन् तासिकेवाला, म्हणजे सीएचबीवाला, एकच वाटते अन् घोळ तिथंच होते. सातव्या वेतन आयोगात कायम असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते, वरून भत्ते. आपल्याला जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, सगळं कोरडं. मामा ज्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणतात ना त्या आपल्यासाठी बिनपगारी आहेत. बिलही महिन्याच्या महिन्याला येत नाही, मागच्या वेळी मी चार महिने वाट पाहिली, तोवर गाडीचं पेट्रोल उधारीवर. मी दोन कॉलेज करतो अन् सोयाबीन काढणीले शेतात असतो. शिकवणं सोड म्हणत नाही, पण बाबांना कर्जाचं आजच खरं सांग, त्यांनी सोसायटीत शब्द देऊन ठेवला तर लय जड जाईल.

तूरवाला
पोरी, माह्या पोरगा असाच तासिकेवर आहे. मीच गावभर प्रोफेसर प्रोफेसर सांगत फिरलो अन् मंग त्याच्या सोयरिकीत सगळे पगाराची स्लिप मागून रायले. त्याची चूक काहीच नव्हती, मी विचारलंच नव्हतं. तू सांगून टाक, बाप समजून घेते.

कास्तकाराची_पोर
काल रात्री सांगितलं. बाबा लय वेळ काही बोललेच नाही, मंग विचारलं, आठवड्याले तास किती भेटतीन? मी म्हटलं सात. सोमवारी रुजू होते. सर, पहिल्या वर्षाच्या पोरांना व्याकरण कुठून सुरू करू, तेवढं सांगाल का?