मदत हवी आहे: मुलाचा कॉलेज बास्केटबॉल कोच दुसरीकडे जाणार अशा वावड्या उठल्या आहेत, आम्ही काय करावं?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीहून लिहितेय. धाकटा लेक बारावीत आहे. उंची सहा फूट चार इंच, आणि सहावीपासून डोक्यात बास्केटबॉलशिवाय दुसरं काही नाही. नोव्हेंबरात त्याने डिव्हिजन वनमधल्या (इथल्या कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) एका लहान कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या कागदांवर सही केली. कॉलेजचं नाव देत नाही, कारण त्याला तिथे चार वर्षं काढायची आहेत. यंदा त्यांचा संघ फार छान खेळला. त्याचा आम्हाला आनंदच झाला, पण आता तेच यश मुळावर आल्यासारखं वाटतंय. गेले दहा दिवस रोज नवीन बातमी येते की कोच मोठ्या कॉलेजात चालले. कोणी लिहितं करार झालासुद्धा, कोणी लिहितं त्यांचं घर विकायला निघालंय. काल तर कुणीतरी एका खाजगी विमानाचा मार्ग शोधून टाकला होता आणि त्यावर चारशे लोक चर्चा करत होते.

लेक रात्री उशाशी फोन घेऊन झोपतो. पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले तर त्याच्या खोलीत स्क्रीनचा उजेड दिसत होता.

आमच्यासाठी हा माणूस म्हणजे कुठल्यातरी संघाचा कोणीतरी कोच नाही. सप्टेंबरात ते आमच्या घरी आले होते. मी कांदेपोहे केले होते, त्यांनी दोनदा मागून घेतले. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांच्याशी वीस मिनिटं बोलले, मी मधे दुभाष्याचं काम केलं. मग लेकाला शेजारी बसवलं आणि त्याला कोर्टवर कुठे उभं करणार ते काढून दाखवायला कागद मागितला. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी कालनिर्णयचं ऑगस्टचं पान फाडून दिलं. ते पान अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे, गोल, बाण आणि लेकाच्या नावाचं पहिलं अक्षर. बाकी दोन कॉलेजं घराजवळ होती. आम्ही लांबचं निवडलं ते या माणसाकडे बघून.

माझे प्रश्न असे. कोच गेले तर स्कॉलरशिप राहते का? आपण होऊन त्यांना विचारणं बरं दिसेल का, की त्यांना अविश्वास वाटेल? आणि या बातम्यांमधलं खरं किती, ते ओळखायचं कसं? सासूबाई रोज फोनवर विचारतात, "गुरुजी चालले का गं सोडून?" मला उत्तर देता येत नाही.

प्रतिसाद (अटलांटा):

ताई, मी वीस वर्षं हा खेळ मन लावून बघतोय, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अफवा आणि निर्णय यांचं गणित जुळेलच असं नाही.

कनेटिकट विद्यापीठाचे कोच डॅन हर्ली, त्यांचं बघा. २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेतेपद. एप्रिल २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कन्साला गेले, तेव्हा पहिली वावडी उठली की आता हर्ली केंटकीला. ते गेले नाहीत. मग ६ जूनला बातमी आली की लॉस एंजेलिस लेकर्स, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगमधला संघ, त्यांना घेणार. ही चहाच्या टपरीवरची गप नव्हती, अमेरिकेतल्या सगळ्यात भरवशाच्या पत्रकाराची बातमी होती. आणि ती खरीही होती, प्रस्ताव सहा वर्षांचा आणि सुमारे ७ कोटी डॉलरचा होता. ते लॉस एंजेलिसला जाऊन आले. १० जूनला त्यांनी नाही सांगितलं आणि पुढच्या महिन्यात कनेटिकटशीच सहा वर्षांचा नवा करार झाला. म्हणजे बातमी खरी, पण माणूस जागेवरच.

उलट २०१३ मध्ये बटलरचे ब्रॅड स्टीव्हन्स. २०१० आणि २०११ ला त्या एवढ्याशा कॉलेजला अंतिम सामन्यात नेलेला माणूस. दरवर्षी मोठ्या कॉलेजांशी त्यांचं नाव जोडायचे, दरवर्षी ते राहायचे. मग जुलैत एका संध्याकाळी थेट एनबीएतल्या बोस्टन सेल्टिक्सला. कोणाला कुणकुणही नव्हती.

आणि सही झाली तरी संपत नाही! बिली डोनोव्हननी २००७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठ सोडून एनबीएतल्या ऑरलँडो मॅजिकशी करार केला आणि आठवड्याभरात मन बदलून परत फ्लोरिडाला आले. आमच्या आजोळी जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, बदलीची ऑर्डर हातात पडेपर्यंत बदली नाही. इथे ऑर्डर पडल्यावरही खात्री नाही.

विमानं आणि घरं सोडून द्या. बघायचं असेल तर वर कोणती मोठी जागा रिकामी झालीय ते बघा. २०२५ च्या मार्चमध्ये व्हिलनोव्हाने आपला कोच काढला. त्यांनी मेरीलँडचे केव्हिन विलर्ड घेतले. मेरीलँडने टेक्सस ए अँड एमचे बझ विल्यम्स घेतले. टेक्सस ए अँड एमने अलाबामातल्या सॅमफर्डचे बकी मॅकमिलन उचलले आणि सॅमफर्डने नॅशव्हिलच्या लिप्सकंबचे लेनी अकफ. एका जागेने पाच कॉलेजं हलवली. तुमच्या मुलाच्या कॉलेजसारखी कॉलेजं या साखळीच्या शेवटी असतात, म्हणून तिथल्या पालकांना कारण कळतच नाही.

प्रतिसाद (ओहायो, विद्यापीठातल्या क्रीडा विभागात काम करते):

अहो ताई, आधी श्वास घ्या. स्कॉलरशिप कोच देत नाही, कॉलेज देतं. तुम्ही नोव्हेंबरात ज्या कागदांवर सही केलीत तो आर्थिक मदतीचा करार आहे. (पूर्वी वेगळं "लेटर ऑफ इंटेंट" असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं.) कोच बदलला म्हणून तो करार आपोआप रद्द होत नाही. ऑगस्ट २०२४ पासून सगळ्या डिव्हिजन वन कॉलेजांना नियम लागू आहे की खेळातल्या कारणासाठी, म्हणजे नव्या कोचला मुलगा आवडला नाही म्हणून, स्कॉलरशिप काढता येत नाही.

पण कागद आणि खेळाचं मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगायला हवं. नवा कोच स्वतःची मुलं घेऊन येतो. एप्रिल २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो आणि अभ्यास ठीक असेल तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे जुन्या संघातले निम्मे खेळाडू कोचच्या मागोमाग जाताना मी पाहिलेत. बारावीतून येणाऱ्या मुलाची जागा अशा वेळी मागे सरकते. पैसे राहतील, खेळायला किती मिळेल ते कोणी लिहून देणार नाही.

आजच करा ते हे. कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) ईमेल लिहा. फोन नको, लेखी हवं. दोनच गोष्टी विचारा: कोच बदलल्यास हा करार जसाच्या तसा राहील ना, आणि मुलाला नको असेल तर त्याला मोकळं करण्याची पद्धत काय. कॉलेज सरकारी असेल तर कोचचा करारही सार्वजनिक कागद असतो, तिथल्या वर्तमानपत्राने बहुधा छापलेला असतो. त्यात बायआउटची रक्कम बघा, म्हणजे मुदतीआधी सोडून गेल्यास कोचच्या बाजूने कॉलेजला भरायची रक्कम. बऱ्याच करारांत ती ठरावीक तारखेनंतर कमी होते. अफवा नेमक्या त्या तारखेच्या आसपास का येतात ते मग कळतं.

आणि विचारा हो, जरूर विचारा. पण मुलाने विचारावं, तुम्ही नाही. नातं त्यांच्यात आहे.

प्रतिसाद (पुणे):

पैशांचं एक राहिलं. १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. लहान कॉलेजं त्याच्या जवळपासही जात नाहीत. विलर्डनी मेरीलँडमध्ये असताना उघडपणे पैशांबद्दलच तक्रार केली होती, तीसुद्धा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत असताना. चांगला कोच लहान जागा सोडतो तेव्हा मुलांवर माया नव्हती असं समजू नका. हे लेकालाही सांगा. त्याला आत्ता फसवलं गेल्यासारखं वाटत असेल.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, पण फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपला.

कंप्लायन्सचं उत्तर दोन दिवसांत आलं. करार कायम राहील असं स्वच्छ लिहिलंय. मोकळं करण्याबद्दल लिहिलंय की अर्ज करावा लागेल आणि निर्णय कॉलेजचा असेल. ईमेल छापून फाइलला लावली.

लेकाने कोचना स्वतः मेसेज केला. तीन ओळी लिहायला त्याला तासभर लागला, मला दाखवल्या नाहीत. रात्री त्यांचाच फोन आला. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, एका कॉलेजशी बोलणं झालंय, सही कुठेच केलेली नाही, आणि जे ठरेल ते तुला माझ्या तोंडून कळेल, इंटरनेटवरून नाही. लेक "थँक यू कोच" एवढंच म्हणाला आणि गॅरेजसमोर फ्री थ्रो मारायला गेला. साडेदहापर्यंत चेंडूचा आवाज येत होता, शेजारच्यांची मी सकाळी माफी मागितली. सासूबाईंना सांगितलं की गुरुजींनी अजून ठरवलेलं नाही. त्या म्हणाल्या, खरं बोलले ना, मग झालं.

आता ओहायोच्या ताईंना एक विचारायचंय. लेकाला पहिल्यांदा हेरलं ते सहायक कोचने, दोन वर्षं तेच सामने बघायला येत होते. मुख्य कोच गेले तर सहायकांपैकी कोणाला बढती मिळते का, की सगळेच जातात? आणि कॉलेज हे ठरवत असताना आधीच सही केलेल्या मुलांचं मत विचारतात का? तसं असेल तर लेकाला दोन ओळी लिहायच्या आहेत.