आजार, श्रद्धा आणि धर्मगुरूंची अभ्यासरजा

आजारपण आणि दुःख यांतून श्रद्धेचा शोध घेण्यासाठी धर्मगुरूंनी अभ्यासरजा घेण्यापेक्षा तेवढा वेळ रुग्णांजवळ घालवावा, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. माझ्या वडिलांवर खारघरला कर्करोगाचे उपचार चालू असताना ठाण्याहून आलेल्या एका धर्मगुरूंनी, हेतू चांगला असूनही, ‘देव परीक्षा पाहतो’ एवढेच सांगितले, आणि वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जवळ बसणे पुरेसे नसते. काय बोलू नये हेही शिकावे लागते.

बायबलमधील ईयोब या दुःखात सापडलेल्या नीतिमान माणसाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. चुकले ते त्याच्या दुःखामागे त्याचेच पाप शोधू लागल्यावर. जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे, याचे की आईवडिलांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (बायबलमधील योहानाचे शुभवर्तमान, अध्याय ९). तरीही हाच प्रश्न आपल्या घराघरांत अजून विचारला जातो.

आजारी माणसाला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या विधीला कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘अखेरचा अभ्यंग’ यापेक्षा ‘रुग्णांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले. पण फादर तेल घेऊन आले की आता शेवट जवळ आला असे वाटून घरचे आजही घाबरतात. ही भीती कशी दूर करावी, हा अभ्यासाचाच विषय आहे. मात्र रजेतले काही आठवडे ग्रंथालयाऐवजी, उपचारांसाठी गाव सोडून महिनोन्महिने खारघरला राहणाऱ्या कुटुंबांचे ऐकण्यात जावेत, असे मला मनापासून वाटते.