स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे आहेत: गाणं सेटवर कितीच्या वेगाने वाजवायचं?

पारावरचा_कॅमेरा
मंडळी, स्वतंत्र म्युझिक व्हिडिओ करतोय. गाणं 4 मिनिटं 10 सेकंदांचं आहे, संथ, साधारण 76 बीपीएम (मिनिटाला 76 ठोके). शूट एकच दिवस, वाईजवळच्या जुन्या वाड्यात. चौक, ओसरी आणि अंधारं माजघर मिळालंय. एक सोनीचा मिररलेस, एक अँड्रॉइड फोन, दोन बॅटरीवरचे एलईडी पॅनल, थर्माकोल. माणसं सहा, हातात 40 हजार.

दोन्ही अंतरे स्लो मोशनमध्ये हवेत, पण गायिकेचे ओठ गाण्याशी जुळलेले हवेत. चित्र नंतर संथ केलं की ओठ मूळ गाण्याशी जुळावेत म्हणून शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं म्हणतात, ते बरोबर का? आणि माजघरात ट्यूबलाइट आहेत, त्यांचं काय करायचं? शेवटी तुकोबांच्या अभंगाच्या दोन ओळी प्रचलित चालीवर घेतल्या आहेत, बाकी गाणं आमचं.

कट_ओके
दुप्पट बरोबर आहे, पण फक्त 50 फ्रेमवर (सेकंदाला 50 चित्रं) शूट करून 25 च्या टाइमलाइनवर (एडिटच्या पट्टीवर) दाखवणार असाल तर. गणित एवढंच: शूटचा फ्रेमरेट भागिले टाइमलाइनचा फ्रेमरेट. 50 भागिले 25 म्हणजे 2, गाणं 200 टक्के. फोनला 30 च मिळत असेल तर 30 भागिले 25 म्हणजे 1.2, गाणं 120 टक्के. 60 वर शूट करून 25 च्या टाइमलाइनवर आणायला जाल तर 240 टक्के वेग येतो आणि कुणालाच शब्द उच्चारता येत नाहीत.

कॅमेरा आधी पाल मोडवर (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) घ्या, म्हणजे 25, 50, 100 हे पर्याय दिसतील. बऱ्याच सोनी कॅमेऱ्यांत हा बदल केला की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा हे आदल्या रात्री उरका. आणि स्लो मोशनसाठी एस अँड क्यू मोड (सोनीचा स्लो अँड क्विक) वापरू नका. त्यात आवाज रेकॉर्ड होत नाही, मग एडिटला जुळवायचं कशाशी? साध्या मोडमध्ये 50p ठेवा.

रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप टाकण्याआधीच प्रोजेक्ट 25 वर ठरवा, नंतर तो आकडा बदलू देत नाही. 50 ची क्लिप 50 टक्क्यांवर आणली की प्रत्येक फ्रेम खरीच वापरली जाते. तिथे ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवणं) लावू नका, ओठांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

माझं मत विचाराल तर दोन्ही अंतरे 200 टक्क्यांवर नको. 76 चं गाणं दुप्पट केलं की 152 होतं. लांबवलेल्या स्वरांच्या ओळींना ते चालतं, पण जोडाक्षरांनी भरलेल्या ओळीत गायिकेचा चेहरा ताणलेला दिसतो आणि तो ताण पडद्यावर अर्ध्या वेगाने, अगदी सावकाश दिसतो. तशा ओळी 120 टक्क्यांवर घ्या. सोनीच्या पाल मोडमध्ये 30 फ्रेम मिळणार नाहीत, त्यामुळे हे शॉट फोनवर.

ध्वनिवेडा
प्लेबॅकची फाइल नीट केली नाही तर वरचं सगळं गणित पाण्यात. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज टेम्पो घ्या. 200 टक्क्यांसाठी आकडा 100 भरायचा, 120 टक्क्यांसाठी 20. चेंज स्पीडने लांबी तेवढीच होते, पण आवाज चिरका होतो आणि गायिकेला शब्द पकडता येत नाहीत.

पूर्ण गाण्याची एकच फाइल करू नका. मुखडा, अंतरा एक, अंतरा दोन असे तुकडे पाडा आणि नावातच वेग लिहा: अंतरा1_200, अंतरा1_100. प्रत्येक तुकड्याआधी त्याच वेगातले चार ठोके टाका. सेकंदाच्या हिशोबाने बीप दिले तर सम चुकते. पहिल्या ठोक्याआधी तीन-चार सेकंद काहीतरी हळू आवाज असू द्या, कारण बरेच ब्लूटूथ स्पीकर शांततेत झोपतात आणि पहिला ठोका गिळतात. ऑक्स केबल असेल तर तीच लावा.

स्पीकर गायिकेजवळ, फ्रेमच्या कडेला. इथे एक गोष्ट हमखास सुटते. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 25 च्या एका फ्रेमच्या वेळात जेमतेम 14 मीटर. चौकाच्या दुसऱ्या टोकावरून टेली लेन्सने घेतलंत, तर कॅमेऱ्यातला आवाज चित्रापेक्षा एक फ्रेम उशिरा येतो. वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) जुळवलंत की ओठ एक फ्रेम आधी हलतात. क्लिप एक फ्रेम उजवीकडे सरकवा. 50 च्या शॉटमध्ये हाच फरक पडद्यावर दोन फ्रेमचा होतो.

वेव्हफॉर्मने आपोआप जुळवणं फक्त 100 टक्क्यांच्या टेकला चालतं. स्लो शॉटसाठी टाळी द्या, ती पहिल्या ठोक्यावर, म्हणजे ढोबळ जागा सापडते. मग प, ब, म यांपैकी एखादं अक्षर शोधा. तिथे ओठ पूर्ण मिटतात, ती फ्रेम आणि गाण्यातला तो क्षण एकावर एक आणा. ओळीच्या शेवटी असंच दुसरं अक्षर तपासा. सुरुवात जुळली आणि शेवट सरकला तर फ्रेमरेटात घोळ आहे.

थर्माकोल
ट्यूबलाइटबद्दल. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झ, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर (एका फ्रेमला उजेड मिळतो तो वेळ, सेकंदात) 1/50 किंवा 1/100 ठेवलं की फ्रेमरेट काहीही असो, पट्टे येत नाहीत. 25 ला 1/50, 50 ला 1/100. 120 फ्रेमला शटर 1/120 पेक्षा संथ होऊच शकत नाही, म्हणून तिथे लुकलुक येणारच. तसाही तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

पण माजघरात ट्यूब लावायचीच कशाला? हिरवट उजेड आणि सपाट चेहरे. बंद करा. चौकात ऊन असेल तेव्हा दोन थर्माकोल दाराबाहेर तिरके उभे करा, उजेड आत जाईल. गायिकेच्या दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगा, नाहीतर चुन्याच्या भिंती उजेड परत फेकून सावली मारून टाकतात. सकाळी माजघर, दुपारी ओसरी, उन्हं कलल्यावर चौक, असा क्रम ठेवा.

स्वस्त एलईडी पॅनल डिमरने उतरवले की काही लुकलुकतात, 50 फ्रेमला ते जास्त दिसतं. पूर्ण उजेडावर ठेवून लांब न्या किंवा पुढे ट्रेसिंग पेपर लावा.

उन्हात 1/50 वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 धरला तर एफ 22, म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र लागतं. एफ 2.8, म्हणजे मोठं छिद्र हवं असेल तर सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाणारा काळा फिल्टर, म्हणजे एनडी64. लेन्सवर बसवायचा तो आधी बसवून बघा, व्हेरिएबल एनडी (फिरवून गडद करायचा फिल्टर) टोकाला फिरवलं की आकाशात काळा क्रॉस उमटतो.

एखादा मोठा दिवा भाड्याने आणलात तर लक्षात असू द्या: साधं 6 अँपिअरचं सॉकेट 230 व्होल्टला 1380 वॅटच देतं. जुन्या वाड्याच्या वायरिंगवर मी त्याच्या निम्म्याच्या वर जाणार नाही.

कायद्याचं_बोला
तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, चाल मोकळी असेलच असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षं राहतो. प्रचलित वाटणाऱ्या कित्येक चाली गेल्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत. वारकरी परंपरेतली चाल आणि रेकॉर्डवरची चाल यांत फरक करा.

कव्हर व्हर्जनची कायद्यातली सवलत इथे कामाची नाही, ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे. चित्र जोडलं की वेगळी परवानगी. यूट्यूबची यंत्रणा नुसत्या सुरावटीवरूनही दावा टाकू शकते. दोन ओळींसाठी नवी चाल बांधून घेणं सगळ्यात स्वस्त. गीतकार, गायिका, वादक आणि वाड्याचे मालक यांच्याकडून एकेक पानाचं संमतिपत्र शूटच्या आधी घ्या. व्हिडिओ चालायला लागल्यावर सह्या महाग होतात.

पारावरचा_कॅमेरा
खूप आभार सगळ्यांचे. चाल नवीन बांधतोय. एक शंका: फोनचे शॉट सोनीच्या शॉटशेजारी ठेवले की दोन-तीन मिनिटांत आवाज सरकतो, तो का?

कट_ओके
फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की 30 चा 27-28 होतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा अ‍ॅप मोफत आहे, अँड्रॉइडवरही. तुमच्या फोनला चालत असेल तर त्यात फ्रेमरेट, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक करा. साध्या शॉटला 25, त्या 120 टक्क्यांच्या ओळींना 30. आधीच काढलेल्या क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून काढा आणि मगच रिझॉल्व्हमध्ये आणा. क्वालिटीचा आरएफ (आकडा लहान तितकी क्लिप कमी दाबली जाते) 16-18 ठेवा, आधीच दाबलेली क्लिप आहे, आणखी दाबली तर भिंतींवर चौकोन दिसतील.

ध्वनिवेडा
आणि फोनवरून तीन मिनिटांचा सलग टेक घेऊच नका. एका कडव्यापुरता घ्या, मग सरकायला वेळच मिळत नाही.